संगणक घरचा की भाड्याचा? : कुरुळी परिसरातील पूरक उद्योगांच्या संदर्भात

इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीहून चाकणकडे निघाले, की पुणे–नाशिक महामार्गावर खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव लागते. चाकण परिसरात 1999 मध्ये बजाज ऑटोचा आणि 2009 मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या पूरक उद्योगांनी निघोजे, म्हाळुंगे, चिंबळी, कुरुळी या गावांच्या शिवारांत आपल्या शेडी उभारल्या. पत्रा दाबणारे प्रेस, साचेघर, वेल्डिंग, रंगकाम आणि या सर्वांचा माल सांभाळणारी गोदामे असा हा पसारा आहे. अशा बहुतेक कारखान्यांत हिशेबखात्याशेजारच्या एका लहान खोलीत एखाददुसरा सर्व्हर वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत अहोरात्र चालू असतो. तो पाच-सहा वर्षांचा झाला, की चालकांपुढे एक निर्णय येऊन उभा राहतो. नवा सर्व्हर विकत घ्यावा, सर्व काम क्लाउडवर म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्याने चालवावे, की काही घरी आणि काही बाहेर अशी वाटणी करावी?

हा प्रश्न सामान्यतः खरेदीविभागाकडे जातो आणि दरपत्रकांची तुलना करून सोडविला जातो. ही पद्धत अपुरी आहे. कारखान्याच्या एकेका कामाला किती वेळ थांबणे परवडते आणि किती माहिती गमावणे परवडते, हे आधी ठरविल्याशिवाय दरपत्रकाला अर्थ येत नाही. आणि ते ठरविले, की दरपत्रक पाहण्यापूर्वीच निम्मा निर्णय झालेला असतो. प्रस्तुत लेखात ही गोष्ट कुरुळीच्या परिस्थितीला लावून पाहावयाची आहे.

प्रथम संज्ञांविषयी. व्यवहारात ज्याला ऑन-प्रिमाइस म्हणतात ती व्यवस्था आपल्याच आवारात, आपल्याच मालकीच्या यंत्रांवर चालते. तिला येथे स्वस्थानी व्यवस्था म्हटले आहे. पब्लिक क्लाउड म्हणजे ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांसारख्या कंपन्यांच्या प्रचंड यंत्रागारांतील सामर्थ्य, जाळ्यावरून, वापरापुरते भाड्याने घेणे. यातील 'सार्वजनिक' हा शब्द मात्र सावधपणे घ्यावयास हवा. सार्वजनिक वाचनालयाच्या अर्थाने तो येथे आलेला नाही. खाणावळ ज्या अर्थाने सार्वजनिक असते, म्हणजे पैसे देईल त्याला पान मांडले जाते, त्या अर्थाने आला आहे. हायब्रीड म्हणजे या दोहोंची संमिश्र व्यवस्था. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सप्टेंबर 2011 मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत पाच लक्षणे सांगितली आहेत: ग्राहकाने स्वतःच हवे तेव्हा सामर्थ्य घेणे, ते जाळ्यावरून कोठूनही मिळणे, अनेक ग्राहकांत यंत्रसाठा सामाईक असणे, मागणीप्रमाणे तो झटपट वाढणे वा आटणे आणि वापराचे मोजमाप होणे. यांतील चौथे लक्षण, म्हणजे ताण घेऊन पुन्हा आखडण्याची लवचिकता, हेच क्लाउडच्या पुरस्कर्त्यांचे मुख्य भांडवल होय. ते कुरुळीत कितपत उपयोगी पडते, याचा विचार पुढे येईल.

संगणन भाड्याने घेण्याची कल्पना नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. 1968 मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली, तेव्हा तिच्या आरंभीच्या कामांत टिस्कोसारख्या भगिनी-कंपनीसाठी छिद्रपत्रांवरून हिशेब करून देण्याचे काम होते. संगणक इतका महाग होता, की तो प्रत्येकाने बाळगावा ही कल्पनाच कोणाला शिवत नव्हती. पुढे यंत्रे स्वस्त झाली तसा संगणक घरी आला. 2006 मध्ये ॲमेझॉनने साठवणीची व गणनाची सेवा वापराच्या हिशेबाने विकावयास आरंभ केला आणि तो पुन्हा घराबाहेर पडू लागला.

या संदर्भात विजेचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो आपल्या प्रांतात शोधण्यास दूर जावे लागत नाही. 1915 मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तोवर या गिरण्या आपापल्या आवारातील बाष्पयंत्रांवर चालत. बाहेरून तारेने येणाऱ्या शक्तीवर आपली चाके सोपवावीत की नाही, हा त्या काळच्या गिरणीमालकांपुढील प्रश्न आजच्या कुरुळीच्या कारखानदाराच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ शोभेल. गिरण्यांनी पुढे बाष्पयंत्रे मोडीत काढली. तेव्हा सर्व्हरचीही गत तीच होणार, असे अनुमान यावरून काढले जाते. परंतु दाखला येथे लंगडा पडतो. विजेला स्मृती नसते. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाहून भिन्न नाही आणि काल वापरलेली वीज आज कोणाकडे ठेव म्हणून राहत नाही. संगणनात मात्र यंत्रापेक्षा त्याच्या पोटातील माहिती मोलाची असते. ती एके ठिकाणी साचते, जड होते आणि हलविण्यास कठीण जाते. आणखी एक गोष्ट अशी, की वीज विकत घेणाऱ्या कुरुळीच्या कारखानदारानेही स्वतःचे जनरेटर विकून टाकलेले नाही. महावितरणची वाहिनी, आवारातील डिझेल जनरेटर आणि अलीकडे छपरावरील सौरपट्ट्या, अशी संमिश्र व्यवस्था तो विजेच्या बाबतीत विनातक्रार चालवीत असतो. कोणत्या यंत्राला जनरेटरची जोड द्यावयाची आणि कोणते वीज येईपर्यंत थांबू द्यावयाचे, हे त्याला नेमके ठाऊक असते. संगणकाच्या बाबतीत हीच वर्गवारी करण्याचे त्याने टाळलेले असते, इतकेच.

ती वर्गवारी करून पाहण्यासाठी एक गृहीत कारखाना घेऊ. कुरुळी फाट्याजवळ दीडशे कामगारांचा पत्राकामाचा कारखाना आहे. तीन पाळ्या चालतात. चाकणमधील दोन मोटार-कारखान्यांना दिवसातून अनेक खेपांनी माल जातो. गिऱ्हाईक कारखाना मालाचा साठा ठेवीत नाही. त्याची जुळणीची साखळी पुढील काही तासांच्या मालावर चालते. माल वेळेवर पोहोचला नाही तर साखळी थांबते, आणि तिच्या थांबण्याचा बोजा पुरवठादाराच्या माथी येतो. अशा कारखान्यात संगणकाकडे कोणती कामे असतात? यंत्रांचे नियंत्रण, प्रत्येक भागाची तपासणी आणि त्याचा माग ठेवणे, मालाची लेबले व चलने, साठा, खरेदी, हिशेब व पगार, साच्यांचे व भागांचे आराखडे, नव्या साच्याची संगणकावर घेतली जाणारी चाचणी, पत्रव्यवहार. ही सर्व कामे आज एकाच सर्व्हरवर किंवा एकाच खोलीत असतात, म्हणून ती एकाच जातीची वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या सहनशक्तीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पगारपत्रक दोन दिवस अडले तर कुरकुर होते. लेबले छापणे दोन तास अडले तर ट्रक फाटकाशी उभा राहतो.

यंत्रनियंत्रणाविषयी वादच नाही. प्रेसचा नियंत्रक काही मिलिसेकंदांच्या अंतराने सर्व संवेदकांची स्थिती वाचून निर्णय घेतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंतची तार 150 किलोमीटरची धरली तर नुसत्या जाण्यायेण्यास दीड मिलिसेकंद लागतो, आणि हैदराबादपर्यंतची 600 किलोमीटरची धरली तर 6. वाटेतील जोडण्या, रांगा व तपासण्या यांचा वेळ त्यात मिळविला म्हणजे हा आकडा कैक पटींनी वाढतो आणि, अधिक वाईट म्हणजे, दर वेळी निराळा येतो. कामगाराचा हात साच्यात असताना प्रेसने मुंबईचा कौल घेत बसावे, हे कोणीही मान्य करणार नाही.

कॅमेऱ्याने होणाऱ्या तपासणीचा हिशेब वेगळा आहे. तेथे अडचण वेळेपेक्षा आकारमानाची आहे. दिवसाला 6,000 भाग, प्रत्येकाची चार छायाचित्रे आणि दर छायाचित्र 5 मेगाबाइटचे धरले तर रोज 120 गिगाबाइट माहिती तयार होते. सेकंदाला 100 मेगाबिट वाहून नेणारी तार पूर्णपणे तिलाच दिली तरी ती वर चढविण्यास 2 तास 40 मिनिटे लागतील. हे अशक्य नाही, पण व्यर्थ आहे; कारण निर्दोष भागांच्या छायाचित्रांचा पुढे कोणालाच उपयोग नसतो. निर्णय यंत्राशेजारी घ्यावा आणि सदोष भागांची छायाचित्रे व मापांचा सारांश तेवढा बाहेर पाठवावा, हे शहाणपणाचे.

आता फाटकापाशी येऊ. कारण या कारखान्याचा जीव तेथे आहे. क्लाउडच्या सेवापत्रात 99.9 टक्के उपलब्धतेचे आश्वासन असते. ऐकण्यास हे परिपूर्णतेच्या जवळचे वाटते. पण तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ 43 मिनिटांची मुभा असा होतो. ते आश्वासन मोडले तर भरपाई मिळते ती पुढील भाड्यात सूट म्हणून; साखळी थांबल्याचा दंड काही सेवादाता भरीत नाही. परंतु हा भाग गौण होय. यंत्रागारापर्यंत पोहोचविणारी तार 99.5 टक्के वेळ चालू असेल, तर ती एकटीच महिन्याला 3 तास 36 मिनिटे बंद राहू शकते, आणि दोन्ही एकापुढे एक जोडल्यावर एकूण मुभा 4 तास 19 मिनिटांवर जाते. म्हणजे क्लाउड पडण्याची चिंता करण्यापूर्वी तार तुटण्याची करावयास हवी.

यावर दुसरी तार घ्यावी असे कोणीही सुचवील. दोन स्वतंत्र तारा, प्रत्येकी 99.5 टक्क्यांच्या, एकाच वेळी बंद राहण्याचा काळ गणिताने महिन्याला जेमतेम एक मिनिट येतो. या हिशेबातील 'स्वतंत्र' हा शब्द मात्र फसवा आहे. दोन कंपन्यांच्या दोन तारा महामार्गाच्या कडेने एकाच चरातून आल्या असतील तर जेसीबीचा एक फावडा दोन्ही तोडतो, आणि तेव्हा गणितातील तो एक मिनिट अर्ध्या दिवसाचा होतो. नाशिक फाटा ते खेड या सुमारे 30 किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली असून कुरुळी ह्याच पट्ट्यात येते. एवढे मोठे बांधकाम व्हावयाचे म्हणजे रस्त्याच्या कडा उकरल्या जाणार, हे गृहीत धरूनच येथील कारखानदाराने दुसरी जोडणी निवडली पाहिजे. ती जमिनीखालून न येता बिनतारी मार्गाने यावी. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यावरून येणारी जोडणी गतीने कमी असली तरी चालेल, कारण लेबलाला व चलनाला गती फारशी लागत नाही.

मग लेबले व चलने घरच्याच सर्व्हरवर ठेवून तारेची चिंताच का मिटवू नये? येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, जी स्वस्थानी व्यवस्थेचे कैवारी बहुधा विसरतात. वस्तू व सेवा कराच्या कायद्याखाली ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटी रुपयांवरील उलाढालीच्या उद्योगांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरील उलाढालीपर्यंत पोहोचली. सरकारी नोंदणीद्वारावरून क्रमांक मिळाल्याखेरीज अशा उद्योगाचे बीजक बीजकच ठरत नाही. आवश्यक तेथे ई-वे बिल हवे. शिवाय गिऱ्हाईक कारखान्याच्या द्वारावर माल निघाल्याची आगाऊ सूचना चढवावी लागते. म्हणजे सर्व्हर शेजारच्या खोलीत असो वा मुंबईत, तार तुटली की कागद अडतोच. स्वस्थानी व्यवस्थेचे या बाबतीतील स्वातंत्र्य 2020 नंतर पुष्कळसे नाममात्र उरले आहे. तिचा खरा फायदा एवढाच, की तार तुटलेली असताना माल मोजला जातो, लेबल छापले जाते, ट्रक भरला जातो, आणि जोडणी परतताच साचलेली बीजके एकदम पुढे सरकतात. हा फायदा लहान नव्हे. पण त्यासाठी अख्खा हिशेब घरी ठेवण्याची गरज नाही. पुढील एका पाळीचा माल पाठविण्यापुरती माहिती ज्यात आहे असे एक साधे यंत्र मालपाठवणीच्या खोलीत पुरते.

आता खर्चाकडे वळू. भाड्याची व मालकीची तुलना तासांवर करावी. समजा, एका सर्व्हरची किंमत, वीज, देखभाल व विमा मिळून वर्षाचा बोजा 3 लाख रुपये पडतो आणि तेवढ्याच सामर्थ्याच्या यंत्राचे भाडे तासाला 60 रुपये आहे. हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. 3 लाखांत 5,000 तासांचे भाडे बसते; वर्षाचे तास 8,760; म्हणून 57 टक्क्यांहून अधिक काळ चालणारे काम घरी स्वस्त आणि त्याहून कमी चालणारे काम भाड्याने स्वस्त. तीन पाळ्यांच्या कारखान्यातील साठ्याचे व मालाच्या मागाचे काम वर्षभर अखंड चालते. ते तासाच्या भाड्यावर 5 लाख 25 हजारांवर जाईल. एक वा तीन वर्षांचा करार केल्यास भाडे बरेच उतरते, पण मग लवचिकताही त्याबरोबर गेली. उलट नव्या साच्यात पत्रा कोठे फाटेल वा सुरकुतेल हे आधी पाहण्याची संगणकीय चाचणी महिन्यात चाळीस तास घ्यावी लागत असेल, तर वर्षाचे 480 तास होतात आणि भाडे 28,800 रुपये. तेवढ्यासाठी यंत्र विकत घेणे म्हणजे वर्षातून एकदा लागणाऱ्या मांडवासाठी बांबूचे बेट लावणे होय.

मोठ्या जगातील दोन उदाहरणे याच नियमाची साक्ष देतात. नेटफ्लिक्सने 2008 मधील एका मोठ्या बिघाडानंतर आपली यंत्रणा ॲमेझॉनकडे हलविण्यास आरंभ केला आणि जानेवारी 2016 मध्ये ते काम पुरे केले. कारण त्यांचा प्रेक्षकवर्ग झपाट्याने आणि अनियमितपणे वाढत होता. ड्रॉपबॉक्स ही साठवणीची कंपनी त्याच सुमारास नेमकी उलट दिशेने गेली; तिचा भार प्रचंड पण संथ होता. स्वतःच्या यंत्रांवर आल्याने दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे तिने 2018 मध्ये आपल्या भागविक्रीच्या कागदपत्रांत नमूद केले. नेटफ्लिक्सचीही गोष्ट पुरती सांगावयाची तर चित्रपट प्रत्यक्ष पोहोचविणारी यंत्रे त्यांनी स्वतःच्या मालकीची ठेवली असून ती गावोगावच्या इंटरनेट-पुरवठादारांकडे बसविली आहेत.

कुरुळीच्या कारखान्याचा भार ड्रॉपबॉक्ससारखा आहे: ठरलेल्या पाळ्या, ठरलेला माल, ठरलेली गिऱ्हाइके. दिवाळीच्या तोंडावर मोटारींची मागणी वाढते हे खरे, पण प्रेसची संख्या तीच असते. यंत्रांच्या ठोक्यांपलीकडे संगणकावरील भार वाढूच शकत नाही. तेव्हा क्लाउडचे जे मुख्य भांडवल, लवचिकता, त्याचा येथे फारसा उपयोग नाही, असे म्हणावयास हरकत नाही. इतके झाल्यावर स्वस्थानी व्यवस्थेच्या बाजूने निकाल द्यावा असे वाटेल. तसा तो देता येत नाही. त्याचे कारण दरपत्रकात दिसत नाही.

सर्व्हर आपोआप चालत नाही. त्यावरील प्रणालींना वेळोवेळी दुरुस्त्या चढवाव्या लागतात, प्रती घ्याव्या लागतात, चकती निकामी होण्यापूर्वी बदलावी लागते, कोणाला कोणते दार उघडे आहे हे पाहावे लागते. दीडशे कामगारांच्या कारखान्यात हे सारे एका तरुणाकडे असते. तोच छपाईयंत्राची शाई बदलतो, तोच हजेरीयंत्र दुरुस्त करतो. त्याचे कौशल्य वाढले, की हिंजवडीची कंपनी त्याला दुप्पट पगार देऊन उचलते. परवलीचे शब्द त्याच्या वहीत राहतात आणि कधी कधी वहीही त्याच्याबरोबर जाते. मोठ्या यंत्रागारातील सामर्थ्य विकत घेणाऱ्याला मिळते ती मुख्यतः ही देखभाल: रात्रपाळीला जागणारे तज्ज्ञ, दुहेरी वीज, आग विझविण्याची व्यवस्था. आमच्या मते या पट्ट्यातील पूरक उद्योगाला क्लाउडचा जो काही लाभ आहे तो येथे आहे.

आणि अंतराचाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2015 मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई या तीन ठिकाणी आपली यंत्रागारे सुरू केली. ॲमेझॉन जून 2016 मध्ये मुंबईस आणि नोव्हेंबर 2022 मध्ये हैदराबादेस आले. गुगल 2017 मध्ये मुंबईस व 2021 मध्ये दिल्लीस. पुण्यातील यंत्रागार कुरुळीला जवळ म्हणून बरे वाटते. पण संकटकाळच्या प्रतीसाठी जवळीक हा दोष आहे. एकच पूर, एकच वीजबिघाड दोघांनाही गाठू शकतो. रोजचे काम जवळ ठेवावे आणि राखीव प्रत दुसऱ्या प्रांतात ठेवावी.

राखीव प्रतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण स्वस्थानी असो वा क्लाउड, नाश होतो तो येथील हयगयीमुळे. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या जहाजकंपनीच्या जगभरच्या यंत्रांना ग्रासले आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या गटाच्या गोदीचे कामकाज ठप्प झाले. कंपनीला दहा दिवसांत 4,000 सर्व्हर व 45,000 संगणक नव्याने उभारावे लागले. तिच्या साऱ्या जाळ्यातील वापरकर्त्यांची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते आणि म्हणूनच एकदम नष्ट झाले. त्यांतील एकच बचावला, तो घानाच्या कार्यालयातला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. आपल्याकडे वीज गेल्याबद्दल महावितरणला बोल लावणाऱ्यांनी ही हकिकत अवश्य ध्यानात ठेवावी! दुसरी घटना 10 मार्च 2021 ची. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीचे एक यंत्रागार आगीत भस्मसात झाले, आणि ज्यांनी आपली प्रत अन्यत्र ठेवली नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. क्लाउड म्हणजे प्रत, अशी त्यांची समजूत होती. तिसरी, 20 ऑक्टोबर 2025 ची: ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागातील नावनोंदणीच्या बिघाडाने जगभरातील असंख्य सेवा काही तास कोलमडल्या; माहिती शाबूत होती, पण पोहोचता येत नव्हते. तीन घटना, तीन निरनिराळे रोग. पहिल्यावर औषध म्हणजे जाळ्यापासून तोडून ठेवलेली प्रत, दुसऱ्यावर दूर ठेवलेली प्रत आणि तिसऱ्यावर घरी ठेवलेले, एका पाळीपुरते का होईना, चालते यंत्र.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगता येतो. कंपन्यांच्या हिशेबाविषयीच्या 2014 च्या नियमांत ऑगस्ट 2022 मध्ये दुरुस्ती होऊन विद्युत् स्वरूपातील हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले. हिशेब क्लाउडवर असल्यास सेवादात्याने दिलेला पत्ता निबंधकास कळवावा लागतो. सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर-हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. हे सर्व तिन्ही व्यवस्थांत साधते. क्लाउडवर किंचित सुलभ, इतकेच. गिऱ्हाइकांच्या अटी त्याहून कडक असतात. मोटार-उद्योगाचे आयएटीएफ 16949 हे मानक भागाच्या संमतीची व साच्यांची कागदपत्रे त्या भागाची उत्पादनासाठी व विक्रीपश्चात सेवेसाठी गरज असेपर्यंत आणि त्यापुढे एक पूर्ण वर्ष ठेवावयास सांगते. एखादे मॉडेल दहा वर्षे चालले तर किमान अकरा वर्षांची बेगमी हवी. या काळात दोन सर्व्हर मोडीत निघतात; कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातही सर्व्हरचे उपयुक्त आयुष्य सहाच वर्षे धरले आहे. जर्मन मोटार-उद्योगाने 2017 मध्ये टिसॅक्स ही माहिती-सुरक्षेची परीक्षा सुरू केली. ज्याच्याकडे फोक्सवॅगनसारख्या गिऱ्हाइकाचे, अद्याप बाजारात न आलेल्या गाडीचे आराखडे आहेत, त्याला ते कोठे, कोणाच्या हाताखाली ठेवले आहेत हे दाखवावे लागते. असे आराखडे क्लाउडवर ठेवण्यापूर्वी गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्यावी.

एवढ्या विवेचनानंतर गृहीत कारखान्याची वाटणी जवळजवळ आपोआप होते. यंत्रनियंत्रण व तपासणी यंत्राशेजारी. मालपाठवणीचे लहान यंत्र फाटकाच्या खोलीत, त्यात एका पाळीची माहिती. हिशेब, पगार, खरेदी व पत्रव्यवहार क्लाउडवर. आणि तेही शक्यतो भाड्याच्या यंत्रावर स्वतः प्रणाली चढवून नव्हे, तर तयार सेवा म्हणून घ्यावे, कारण यंत्र भाड्याचे आणि देखभाल आपलीच असेल तर खर्च वाढतो आणि काळजी मात्र जागच्या जागी राहते. साच्याची चाचणी तासाच्या भाड्यावर. राखीव प्रत दूरच्या प्रांतात आणि एक जाळ्याबाहेर. आराखडे गिऱ्हाईक सांगेल तेथे.

संमिश्र व्यवस्थेचे हे चित्र नीटस दिसते म्हणून तिचे दोष झाकून चालणार नाही. दोन घरांचा संसार करणाऱ्याला दोन्हीकडची कुलपे सांभाळावी लागतात. घरचे यंत्र व क्लाउड यांतील साठ्याचे आकडे जुळेनासे झाले तर खरा आकडा कोणता, हा वाद उद्भवतो. तो आधीच लिहून ठरविला पाहिजे. दोन्ही बाजूंच्या मधला दुवा हाच हल्लेखोराचा सोयीचा रस्ता असतो. ज्याच्या कारखान्यात दहाबारा संगणक व एकच पाळी आहे, त्याने हा खटाटोप करू नये; फाटकापाशी बिनतारी जोडणी ठेवून बाकी सारे तयार सेवांवर सोपवावे. आणि ज्याच्याकडे पाचशे यंत्रे व स्वतःचे चार तज्ज्ञ आहेत, त्याला स्वस्थानी व्यवस्था अजूनही स्वस्त पडेल.

करार करताना माहिती परत कशी, कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल, हे लिहून घ्यावे. 2024 मध्ये मोठ्या कंपन्यांनी सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून माहिती बाहेर नेण्याचे शुल्क घेणे बंद केले. पण शुल्क नाही म्हणजे अडचण नाही असे नव्हे. दहा वर्षांचा हिशेब दुसऱ्या प्रणालीला वाचता येईल अशा रूपात बाहेर काढणे हे महिन्यांचे काम असते.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वर्षातून दोन गुरुवार या कामासाठी राखून ठेवावेत. एका गुरुवारी राखीव प्रतीवरून हिशेब एका कोऱ्या यंत्रावर उभा करून पाहावा आणि किती तास लागले ते लिहून ठेवावे. दुसऱ्या गुरुवारी रिकामा ट्रक फाटकाशी उभा करून मुख्य तार हाताने काढावी, आणि लेबल, बीजक व ई-वे बिल यांची तालीम बिनतारी जोडणीवर शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन, ट्रक फाटकाबाहेर पडण्यास किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजावे.